चार जणांचा खलिया

बीडहून एस.टी.ने निघालो तेव्हा आम्ही तिघे होतो : आपा, दुल्हाभाई आणि मी. गेवराई मागे पडली, शहागडला गोदावरीचा पूल आला, तरी दुल्हाभाई गप्पच. भाची औरंगाबादला हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला आहे आणि दुसऱ्या दिवशी तिची पहिली पाककला स्पर्धा होती. दुल्हाभाईंचे आक्षेप जुनेच. एक, स्वयंपाक घरी फुकट शिकता येतो. दुसरा, तिथे वाइन घातलेले सॉस शिकवतात. दुसऱ्याचे उत्तर भाचीने कधीच दिले होते : ती सिरका वापरते आणि तसे शिक्षकांना सांगून टाकते. पहिल्याचे उत्तर बाकी होते. पुढच्या वर्षाची फी त्यावरच अडली होती.

स्पर्धेचा विषय होता ‘आपल्या भागाचा पदार्थ’. तिने नान-खलिया निवडला. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादेत आणली, तेव्हा फौजेबरोबर हा पदार्थ इकडे आला, अशी कथा इथे सांगतात. खरेखोटे काही असो, शहराने तो आपला केला आहे.

संध्याकाळी ती आम्हाला शहागंजच्या बाजूच्या गल्लीत एका भट्टीवर घेऊन गेली. जमिनीत पुरलेला तंदूर, कंबरेत वाकून आत नान चिकटवणारा माणूस, बाहेर निघालेल्या नानवर हळदीची पिवळी झाक. शेजारी एक वयस्क बावर्ची बसले होते. भाचीने त्यांना मसाल्याचे प्रमाण विचारले.

“कित्ते लोगां का?”

“चार.”

ते मनापासून हसले. “चार का? मैं तो चालीस से कम का कभी पकायाच नै!”

पण मग त्यांनी तिला बसवून घेतले. खोबरे किती भाजायचे, कांदा कोणत्या रंगावर थांबवायचा, तर्री वर येताना वास कसा बदलतो, सगळे सांगितले. वजन एकाचेही नाही. भाची वहीत लिहीत होती आणि प्रत्येक ओळीपुढे ग्रॅमची जागा कोरी सोडत होती. रात्री आपाच्या तळहातावर खसखस घेऊन ती मोबाइलएवढ्या काट्यावर तोलत बसली. आपाची एक मूठ तीनदा तोलली, तिन्ही वेळा वजन वेगळे.

सकाळी वेळ दोन तासांचा. पालकांना मागच्या बाकांवर जागा होती. मटण ६०० ग्रॅम, ताटे चार, कचऱ्याची टोपलीसुद्धा परीक्षक बघणार. कुकरची शिट्टी खलियाला शोभत नाही असे आमचे मत आहे, पण दोन तासांत दुसरा इलाज नव्हता. फेब्रुवारीचा गारवा, पीठ फुगेना. तिने परात शेगडीजवळ सरकवली. ओव्हन रिकामा असून तिने लोखंडी तवा मागून घेतला, नानला खालून पाणी लावून तव्यावर चिकटवले आणि तवा आचेवर उलटा धरला. तेव्हा दुल्हाभाई बाकावरून उठून उभे राहिले. मागच्या बाईंनी त्यांना खाली बसायला सांगितले.

नंबर आला नाही. तर्री ताटाच्या कडेला पसरली होती, त्याचे गुण गेले. चवीबद्दल परीक्षक काही बोलले नाहीत, फक्त प्रमाणाचा कागद बघून विचारले, “हे कुठून मिळवलं?”

दुपारी जोहरची नमाज पाणचक्कीच्या मशिदीत झाली. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आलेल्या पाण्यावर इथले जाते फिरायचे आणि फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले जायचे. हौदातले मासे बघत भाची गप्प बसली होती. दुल्हाभाईंनी तिची वही मागून घेतली. पान बराच वेळ वाचले.

“हे चाळीस जणांचं करायचं तर मीठ दहापट?”

“नाही अब्बा, तसं नाही होत. मीठ आधी कमी घालायचं, मग चाखून वाढवायचं.”

“हं.” त्यांनी वही परत दिली. “फीची तारीख कोणती?”

तिने सांगितली. बीडची बस चार वाजता होती. वाटेत खायला भट्टीवरून आठ नान बांधून घेतले.