पायाला हात लावण्याआधी

माझी पशुवैद्यकाची पदवी परळच्या महाविद्यालयाची, 1886 साली सुरू झालेल्या. पण घोड्याच्या दुखऱ्या पायाकडे बघायचं कसं, हे मला महालक्ष्मीच्या एका तबेल्यातल्या मोतद्दाराने शिकवलं. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

मी अंधेरीची. घोडा पाहिलेला तो जुहूच्या वाळूत किंवा लग्नाच्या वरातीत. कॉलेजात घोड्याची हाडं पाठ केली होती. पण साडेचारशे किलोचं जनावर कान मागे पाडून उभं राहिलं, की त्यातलं काही आठवत नसे. अण्णा मला कधी हसले नाहीत. लगाम हातात दिला आणि शेजारी उभे राहिले.

तिथे एका घोडीचा ‘टेंडन गेला’. पुढच्या पायाच्या नळीमागची कंडरा फाटली. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतोच. शरीराचा साठ टक्के भार पुढच्या पायांवर, आणि धावताना तो या कंडरांवर येतो. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. भरली तरी आधीची लवचीकता येत नाही. मला औषधं सुचत होती, त्या वर्षभराचं काय करायचं ते सुचत नव्हतं. अण्णांच्या ते अंगवळणी पडलेलं होतं. सुरुवातीला पायावर गार पाण्याची धार आणि पट्टी. मग सोनोग्राफी बघून डॉक्टर सांगतील तितकीच मिनिटं हातात धरून चालवायचं. बरं वाटायला लागलं की घोडी उधळायला बघे. तेव्हा तिला आवरणं हेच खरं काम. पोटाजवळ गाजर धरून ते तिला मान वळवायला लावत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. हाच व्यायाम पुढे मी फिजिओथेरपीच्या वर्गात फी भरून शिकले.

अ‍ॅक्युपंक्चरही नंतर शिकले. पाठीच्या कण्यालगतच्या आखडलेल्या स्नायूत बारीक सुई गेली, की काही घोडे मान खाली सोडतात, ओठ चाटतात, रवंथ केल्यासारखं तोंड हलवतात. दुखणं थोडं हलकं होत असावं. पण पुरावा तोकडा आहे, आणि फाटलेली कंडरा सुईने सांधत नाही. मालकांना मी हे आधीच सांगते, काहींना ते आवडत नाही. सुई कुठे टोचायची हे बोटांनी चाचपून ठरवावं लागतं. माझ्या बोटांना ते वळण अण्णांच्या खराऱ्यामागे उभं राहून लागलं. कातडी कुठे थरथरते, घोडा कुठे अंग चोरतो, हे ते रोज खरारा करताना टिपत. तबेल्यातले डॉक्टर तपासणीआधी त्यांनाच विचारत. कुठल्या केसपेपरवर मात्र त्यांचं नाव आलं नाही.

“ताई, पायाला हात नंतर. आधी डोकं बघा,” ते म्हणत. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर घेतो, धडधाकट पायावर खाली आणतो. दुडक्या चालीत हे स्पष्ट दिसतं. दुखणं जास्त असेल तर साध्या चालीतही.

जुहूला पोराला घोड्यावर बसवण्याआधी तुम्हीही घोड्याला थोडं चालताना बघा. डोकं असं वरखाली होत असेल तर बसवू नका. घोडेवाल्याशी भांडूही नका. घोडा परळच्या बाई साकरबाई पेटिट रुग्णालयात दाखवायला सांगा.