जांभळा देवणी

श्रावण सरत आला की नागपुरात रस्त्यांच्या कडेला लाकडी बैल उभे राहतात. काही रंगवून, शिंगांना बेगड लावून तयार असतात. काही नुसतेच कोरे, अंगावर पटाशीच्या खुणा घेऊन पाय रोवून उभे. मी कोराच घेतो. रंगवलेला बैल म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी झालेला. कोरा बैल घरी आला की पोरांना आपसूक काम मिळते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पहिल्या तिथीला, आमच्याकडे तान्हा पोळा. नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांनी तो १८०६ मध्ये सुरू केला, असे इथले लोक सांगतात. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचे कौतुक होते: जू घासून घासून कडक झालेली खांद हळद-तुपाने शेकतात, शिंगे रंगवतात, कपाळावर मठाटी बांधतात. ती वर्षभराच्या मेहनतीची परतफेड. तान्ह्या पोळ्याच्या बैलाने मात्र काडीचेही काम केलेले नसते. त्याच्या पायांखाली चाके असतात, गळ्यात दोरी, आणि त्या दिवशी पोरगा ओढतो नि बैल आरामात मागे येतो. हा उलटा हिशेब मला फार आवडतो. रंगवण्याची मेहनतही त्याच खात्यातली.

कारण लाकूड रंगवणे सोपे नाही. आधी पॉलिश पेपरने घासायचे, उभ्या रेषांच्या दिशेने. आडवे घासले की ओरखडे रंगातूनही दिसतात. भेगांमध्ये लांबी भरायची, ती वाळू द्यायची, पुन्हा घासायचे. मग पांढरा हात. पोरांचा जीव इथेच जातो, कारण त्यांना डबी उघडताक्षणी लाल लावायचा असतो. कोऱ्या लाकडावर नुसता पोस्टर कलर दिला तर लाकूड तो पिऊन टाकते. सकाळी बघावे तर लाल गेलेला, मागे नुसती लालसर आठवण. त्यात भर दमट हवेची. उन्हाळ्यात तासाभरात वाळेल असा हात या दिवसांत संध्याकाळपर्यंत बोटाला चिकटतो. एकदा बैल पंख्याखाली ठेवला की घरभर थांबाथांब सुरू होते: हात लावू नको, अजून नाही, अजून नाही. वाट बघायला शिकवणारा याच्याइतका चांगला मास्तर मी पाहिलेला नाही, आणि तो छडीही वापरत नाही.

त्या वाट बघण्यात बैल दिसू लागतो. ब्रश फिरवता फिरवता कळते की पाठ सरळ नाही, वशिंडापाशी उठते. गळ्याखालची पोळी लोंबते, तिला सावली लागते. शहरातल्या पोरांनी बैल पाहिलेला असतो तो बहुतेक चित्रात. माझ्या भाचीने विचारले, ‘मामा, बैल जांभळा राहते का?’

‘आपला राहते.’

पण तेवढ्यावर भागले नाही. मग खरे बैल कसे असतात, हेही सांगावे लागले. वर्ध्याकडचा गवळाऊ पांढरा. नांदेडचा लाल कंधारी नावाप्रमाणे लाल. लातूर-उदगीरचा देवणी पांढऱ्यावर काळे ठिपके घेऊन येतो. आणि नाशिकच्या डोंगरांतला डांगी, त्याचे अंग असे तेलकट की पावसाचे पाणी टिकत नाही. तिने हे सगळे ऐकले, मान हलवली, आणि जांभळा रंगच घेतला. फक्त त्यावर काळे ठिपके दिले. देवणीशी केलेली एवढी तडजोड मला पुरेशी वाटली.

बाजारातले तयार बैल सुबक असतात, नाकारण्यात अर्थ नाही. सिंदी रेल्वे या गावचा तान्हा पोळा तर मोठमोठ्या लाकडी नंदींसाठीच ओळखला जातो. पण सुबकपणाला एक मर्यादा असते: सगळे डोळे सारखे. पोरांनी काढलेल्या डोळ्यांत एक डोळा मोठा, दुसरा थोडा वर गेलेला, आणि बैल कुणावर तरी रागावल्यासारखा. ज्या घरी मागच्या वर्षीचाच बैल काढतात तिथे त्यावर नवा हात चढतो. शिंगाचा टवका उडाला की आतून गेल्या वर्षीचा हिरवा, त्याखाली त्याआधीचा पिवळा.

तान्ह्या पोळ्याला संध्याकाळी पोरे नटून निघतात. धोतर अर्धे सुटलेले, मुंडासे डोळ्यांवर आलेले, दोरी हातात. घरोघरी बैल उभा करायचा, ओवाळून घ्यायचा आणि बोजाऱ्याचे पैसे वसूल करायचे. काही जण नोट मोजतात, काही खिशात न बघताच कोंबतात.

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे आबाजी भाचीच्या बैलाकडे बराच वेळ बघत राहिले.

‘कुठचा होय वं हा बैल?’

‘उदगीरचा, आबाजी. देवणी आहे.’

‘एवढ्या लांबून आला? मंग तर याला बोजारा जास्तच द्या लागते.’

तिने लगेच दुसरा हातही पुढे केला.