रिचमंड स्ट्रीटवरचा वाडा

“तू शाळेत वर्ग लावायचीस ना? मग आमचं ऑफिसही लाव,” नवरा म्हणाला. कॅनडात येऊन सहा वर्षं झाली; भाजी आणि मुलाचा अभ्यास सोडून माझं मत कोणी विचारायची ही पहिलीच वेळ.

ऑफिस म्हणजे मिसिसागातल्या एका दुकानावरची लांबट खोली. भागीदार तीन, बजेट पंधराशे डॉलर. घरून काम करता करता तिघांचं बोलणं ईमेलपुरतंच उरलं होतं. ‘त्याने कळवलं असेल’ या भरवशावर एक जुनं गिऱ्हाईकही हातचं गेलं. म्हणजे प्रश्न रंगाचा नव्हताच. ही माणसं पुन्हा बोलती व्हायला हवी होती.

“आधी ४०१ रिचमंड बघून ये,” मैत्रिणीने सुचवलं. एका शुक्रवारी मुलाला शाळेत सोडून मी टोरांटो गाठलं. स्पडायनाच्या कोपऱ्याजवळची ती विटांची इमारत एके काळी पत्र्यावर छपाई करणारा कारखाना होती. १९९४ साली मार्गी झाइडलर यांनी ती घेतली आणि न पाडता चित्रकार, छोट्या संस्था आणि लहान व्यावसायिकांना भाड्याने दिली. नव्या उद्योगांना जुन्या, स्वस्त इमारतीच परवडतात, हे टोरांटोत स्थायिक झालेल्या जेन जेकब्ज यांनी १९६१ सालीच लिहून ठेवलं होतं. इथे ते चालता-बोलता दिसतं.

आत लाकडी जमीन करकरते, वर जाड तुळया. मध्ये मोकळं अंगण, झाडं, बाजूला कॉफी. मला एकदम पुण्यातला मामाचा वाडा आठवला. तिथेही बिऱ्हाडं वेगळी होती, पण चौक आणि नळ एकच. भांडणं नळावर व्हायची, आणि मिटायचीही तिथेच. जवळच्याच रॉबर्टसन बिल्डिंगमध्ये २००४ साली सुरू झालेल्या ‘सेंटर फॉर सोशल इनोव्हेशन’चंही सूत्र हेच: एकट्याला न परवडणारं छपाईयंत्र, बैठकीची खोली, स्वयंपाकघर सगळ्यांनी मिळून वापरायचं.

घरी येऊन जमिनीवर खडूने आराखडा काढला. ‘हॅबिटॅट’च्या रीस्टोअरमधून वापरलेलं मोठं जेवणाचं टेबल आणलं आणि खोलीच्या मधोमध ठेवलं. चहाची किटली, प्रिंटर आणि कामांचा पांढरा फळा त्याच्याच शेजारी. तिघांची टेबलं भिंतीकडे. काम करताना पाठ, खुर्ची फिरवली की समोरासमोर. वर्गात गटकार्यासाठी मी बाकं अशीच फिरवायची.

पहिल्या आठवड्यात फजिती झाली. एकाचा फोन सुरू झाला की बाकी दोघांचं काम थांबे. एकत्र बसायचं तर एकांतही लागतो, हे मी विसरले होते. मग कोपऱ्यातली अडगळीची खोली रिकामी केली, आत एक खुर्ची ठेवली आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर आईने शिवलेली गोधडी टांगली. आता फोन आला की म्हणतात, “गोधडीत जातो.”

खर्च अकराशे चाळीस डॉलर. उरलेल्या पैशांचं काय करायचं यावर मोठ्या टेबलाशी तिघांची तासभर चर्चा झाली. मी चहा गाळत ऐकत होते. कोणी ईमेल पाठवली नाही.