जुन्या गाडीची वही

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे सांगून गेली. त्यांच्या काळी दुसऱ्याने वापरलेली मोटारगाडी विकत घेण्याची सोय नव्हती. नाही तर त्यांनी या म्हणीला तिसरे शेपूट नक्कीच जोडले असते. आम्ही घर बांधले, मुलाचे लग्नही लावून दिले. परंतु आमची खरी परीक्षा घेतली ती २०१४ साली अंगणात येऊन उभ्या राहिलेल्या, सात वर्षे वयाच्या एका गाडीने.

आमचे कुटुंब सात जणांचे. वृद्ध आई, आम्ही उभयता, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. छोट्या मोटारीत एवढी माणसे मावत नाहीत, आणि दोन रिक्षा केल्या की अर्धे कुटुंब पुढे पोहोचते व उरलेले अर्धे वाट चुकते. १९९४ साली टाटांची सुमो रस्त्यावर आली, तेव्हापासून मोठ्या कुटुंबाने एकाच गाडीत बसून प्रवासाला निघण्याचे स्वप्न आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आले. या गाडीचे नाव सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावांच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलेले, हे आम्ही शाळेत मुलांना कौतुकाने सांगत असू. पुढे अशा गाड्यांना एसयूव्ही म्हणू लागले. आमची गाडी याच कुळीतली. तिच्या कंपनीचे नाव येथे सांगत नाही. कारण जी दुखणी आम्ही सांगणार आहोत ती कंपनीची नव्हेत, वयाची आणि हयगयीची होती.

ज्या गृहस्थांकडून गाडी घेतली ते ओळखीतलेच. "सर, किल्ली फिरवा आणि निघा. एक पैशाचा खर्च नाही," असे त्यांनी सांगितले आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. चाळीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसाला गाडीतले काय कळणार? रंग चकचकीत होता, आसनांवर नवी आवरणे होती, नातवंडांनी भोंगा वाजवून पाहिला आणि सौदा झाला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी किल्ली फिरवली, तर आतून नुसता 'टक्-टक्' असा आवाज. गल्लीतल्या चार तरुणांनी धक्का मारला. गाडी हलली नाही, तरुण मात्र दमले. शेवटी आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. हा शाळेत गणितात कच्चा होता व त्याबद्दल आमच्या हातच्या छड्याही त्याने खाल्ल्या होत्या. आता त्याचे स्वतःचे गॅरेज होते. त्याने बॉनेट उघडले आणि पाना हाती घेण्याआधी आम्हालाच प्रश्न विचारला.

"सर, आवाज कसा आला? टक्-टक्, की इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, की काहीच आवाज नाही?"

आम्ही गोंधळलो. मग त्याने तीन वाक्यांत धडा दिला. टक्-टक् आवाज आला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिची जोडणी ढिली आहे. इंजिन जोमाने फिरते पण चालू होत नाही, तर डिझेल पोहोचत नाही. फिल्टरमध्ये पाणी साचले असेल किंवा नळीने हवा घेतली असेल. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, वायर वा स्टार्टर पाहावा. आमच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवी भुकटी जमली होती. त्याने गरम पाणी ओतून ती धुतली, टोके घासली, नट आवळले आणि थोडी पेट्रोलियम जेली लावली. गाडी चालू झाली. मग मीटर लावून दाखवले. गाडी बंद असताना सुदृढ बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट असावेत आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. तेवढे दिसले नाहीत, तर दोष बॅटरीचा नसून आल्टरनेटरचा असतो, तेव्हा नवी बॅटरी घेण्याची घाई करू नये.

त्या रात्री आम्ही नातवाची एक कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर तारीख घालून हा सारा धडा लिहून काढला. पुढची दहा वर्षे ती वही गाडीच्या खणात राहिली.

वहीतले सर्वांत मोठे प्रकरण कसारा घाटाचे आहे. २०१६ च्या मे महिन्यात आम्ही सातही जण नाशिकला निघालो होतो. टळटळीत दुपार, गाडी भरलेली, एसी चालू आणि समोर चढ. पत्नी म्हणाली, "अहो, तो काटा वर चाललाय." आम्ही म्हणालो, "चढ आहे, चालायचंच." पुढच्या वळणावर ती पुन्हा म्हणाली. आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. बॉनेटखालून वाफच बोलू लागली.

गाडी कडेला घेतली. आई घामाने निथळत होती, धाकटी नात रडत होती. आम्ही तावातावाने उतरलो, बॉनेट उघडले आणि हातरुमाल घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या ट्रकचा चालक ओरडत धावत आला, "ओ काका, झाकण सोडा! तोंड भाजून घ्याल!" त्याने आमचा हात अक्षरशः ओढून बाजूला केला.

त्याच्या ओरडण्यातले शास्त्र आम्हाला मागाहून उमगले. बंद रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असते, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि पाण्याची क्षणात वाफ होऊन ते कारंज्यासारखे उसळते. हेच प्रेशर कुकरबद्दल आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवले होते. घाटात मात्र ते आठवले नाही. ट्रकचालकाने तासभर थांबायला लावले. वरची रबरी नळी हाताला गार लागून सहज दाबली जाऊ लागली, तेव्हा झाकणावर जाड फडके टाकून त्याने ते हळूहळू सैल केले आणि थोडे थोडे पाणी घातले. निघताना म्हणाला, "एसी बंद ठेवा, खिडक्या उघडा. काटा पुन्हा चढायला लागला तर आतला हीटर पूर्ण सोडा. तुम्हाला उकडेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडेल. तरीही चढला तर गाडी उभी करा." त्याने चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. त्याचे नाव विचारायचे राहिले, ही रुखरुख आजही आहे.

परतल्यावर आमच्या विद्यार्थ्याने रेडिएटर उतरवला. आत बोट फिरवून त्याने तांबूस चिखल आमच्यासमोर धरला. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरले होते. आमच्या किनारपट्टीत विहिरी-बोअरना मचूळ पाणी लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या पाण्याने भाजी नीट शिजत नाही ते इंजिनला कसे मानवेल? क्षारांचे थर आणि गंज यांनी नळ्या बुजल्या होत्या. नवा रेडिएटर आणि नवा थर्मोस्टॅट बसवला व डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट समप्रमाणात भरले. कूलंट म्हणजे नुसते रंगीत पाणी नव्हे; त्याने गंज रोखला जातो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. वहीत त्या दिवशी शेवटची ओळ अशी आहे : 'पत्नीने काटा दाखविल्यास ताबडतोब थांबावे.' ही ओळ आम्ही लिहिली नसून शेजारी बसून लिहवून घेतली गेली.

हळूहळू आम्ही गाडीची भाषा शिकलो. धूर काळा निघाला, तर डिझेल जास्त आणि हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहावा, मग नोझल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. थंड सकाळी क्षणभर पांढरा धूर आला, तर चिंता नको. परंतु इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि कूलंट घटू लागले, तर हेड गॅसकेटची शंका घ्यावी. ताशी ८० च्या सुमारास स्टिअरिंग थरथरू लागले, तर चाकांचे बॅलन्सिंग करावे. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर प्रथम टायरांतील हवा तपासावी आणि मगच अलाइनमेंटकडे वळावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. '२३०९' म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. आणि घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून न बसता खालचा गिअर टाकावा.

२०१८ च्या जुलैत आमचा तालुका पाण्याखाली गेला. नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून गाड्या खोळंबल्या, वीज गेली, घराघरांत पाणी शिरले. आमची गाडी अंगणात आसनांपर्यंत बुडाली. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले आणि आमचा हात सवयीने किल्लीकडे गेला. आईला अचानक धाप लागली होती व तिला दवाखान्यात न्यायचे होते. तेवढ्यात वही आठवली. तिच्यात ठळक अक्षरांत लिहिलेले होते : 'बुडालेली गाडी चालू करू नये.' आम्ही किल्ली ठेवून दिली. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर खुर्ची बांधली आणि आईला त्यावरून नेले. ती आठ दिवसांत बरी होऊन परतली.

पुढे आमच्या विद्यार्थ्याने बॅटरी सोडवली, ग्लो प्लग काढले आणि इंजिन हाताने फिरवले, तेव्हा एका सिलिंडरातून पाण्याची पिचकारी उडाली. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्या सकाळी सेल्फ मारला असता, तर आतला कनेक्टिंग रॉड वाकून इंजिनच निकामी झाले असते. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल या तिन्हींचे तेल दुधाळ चहासारखे झाले होते. ते सर्व बदलले. गाडी सुधारली, परंतु तिच्या वायरिंगमधली ओल कधीच पूर्णपणे गेली नाही. पावसाळ्यात केव्हा काच खाली उतरेना, तर केव्हा भोंगा आपोआप वाजे. खाऱ्या वाऱ्याने दारांच्या तळाशी पोपडे धरले. २०२२ साली पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तपासणी करून नोंदणीची मुदत आणखी पाच वर्षे वाढवून घेतली. त्याच्या आदल्या वर्षी आई गेली होती. मधली आसने मोकळी वाटू लागली.

२०२४ मध्ये गाडी विकायची ठरली. आता रंग नवा काढला, आवरणे नवी घातली की झाले, असे एका दलालाने सुचविले. "पाण्याचं मात्र बोलू नका, सर. विचारतं कोण?" खरे सांगतो, आम्ही दोन दिवस त्या सूचनेवर विचार केला. आमच्याही बाबतीत कोणी काही बोलले नव्हते.

रविवारी एक तरुण बागायतदार गाडी पाहायला आला. सोबत पत्नी, दोन लहान मुले आणि त्याची आई. पुरुषांचे बोलणे चालले होते, तेवढ्यात ती माउली दार उघडून मधल्या आसनावर खिडकीशी जाऊन बसली. आमची आई तेथेच बसत असे. तिने आसनावरून हात फिरवला आणि मुलाला म्हणाली, "बाळा, पाय पसरायला जागा आहे हो."

आम्ही आत गेलो आणि वही आणून त्या तरुणाच्या हाती ठेवली. कसारा घाटाचे पान उघडून दाखवले, मग जुलैचे. गाडी आसनांपर्यंत बुडाली होती, हे तोंडानेही सांगितले. त्याने बराच वेळ वाचले. मग ठरत आलेल्या किमतीतून त्याने चाळीस हजार कमी केले, आणि त्यात त्याचे काहीच चुकले नाही. आमची पत्नी एक शब्द बोलली नाही. तिने सर्वांसाठी चहा ठेवला.

नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या. विम्याचे हस्तांतरण चौदा दिवसांत करून घे, असे आम्ही त्याला बजावले. निघताना त्याने वही परत करू पाहिली. आम्ही म्हणालो, "ती गाडीचीच आहे. पुढे तूही लिहीत जा."

काही महिन्यांनी बाजारात तो भेटला. गाडी ठीक आहे, म्हणाला; घाटात एकदा काटा चढला होता, पण लगेच थांबलो.

"तुम्ही स्वतःच पाहिलात काटा?" आम्ही विचारले.

तो हसला. "नाही हो सर. आईने दाखवला."