भट्टीजवळचा बाक

आमच्या बेकरीला पी.आर.ची गरज आहे, असे पहिल्यांदा आमचा भाचा म्हणाला. तो मुंबईला मास मीडियाचे शिक्षण घेत होता. सुटीत चिपळूणला आला की गल्ल्यावर बसायचा आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा आम्हाला शिकवायचा. पी.आर. म्हणजे पब्लिक रिलेशन्स, मराठीत जनसंपर्क. माझ्या सासऱ्यांना आम्ही अब्बा म्हणतो. त्यांनी विचारले, "म्हणजे जाहिरातच ना?"

"नाही नाना, जाहिरातीत आपण पैसे देऊन आपल्याबद्दल चांगलं बोलतो. पी.आर.मध्ये लोकांनी बोलायचं."

"मग ते लोकांच्या हातात आहे," अब्बा म्हणाले आणि भट्टीकडे गेले.

बेकरीचे हिशेब मी बघते. गिऱ्हाईक का येते आणि का थांबते, हा प्रश्न मला दर महिन्याला वहीत दिसतो. त्यामुळे हे बोलणे माझ्या डोक्यात राहिले.

आमच्याकडे दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात घराघरांतून नानकटाईचे सामान बेकरीत येते. मैदा, पिठीसाखर, तूप, वेलची सगळे ज्याचे त्याचे. आम्ही मळून, भाजून द्यायचे आणि किलोमागे मजुरी घ्यायची. येताना बाया रिकामे पत्र्याचे डबे घेऊन येतात, डब्यावर घराचे नाव. यात सगळ्यात मोठी भीती एकच असते, आपले घरचे तूप दुसऱ्याच्या डालड्यात मिसळेल! म्हणून कुणी सामान ठेवून निघून जात नाही. इतर ठिकाणी त्यांना बाहेर काउंटरपाशी ताटकळत ठेवतात. अब्बांनी फार पूर्वीपासून एक लाकडी बाक आत, मळणीच्या टेबलासमोर टाकला आहे. बसा आणि बघा.

त्या बाकावरून सगळे दिसते. मैदा चाळतात की नाही, कारागीर हात कधी धुतो, ट्रे पुसायचे फडके कसे आहे. एका काकूंनी एकदा सरळ सांगितले, "भाभी, हे फडकं माझ्या घरात पायपुसण्यालाही चालणार नाही." फडके बदलले. पुढच्या वर्षी आल्या तेव्हा त्यांनी आधी फडकेच पाहिले.

वहीत पाहिले तर या कामात फारसे काही सुटत नाही. लाकूड जळते, दोन कारागीर अडकतात, आणि त्याच वेळात खारी-टोस्ट काढले तर जास्त मिळतात. माझ्या नवऱ्याने हे काम बंद करायचे एकदा मनावर घेतले होते. अब्बांनी ऐकले नाही. कारण विचारले तर म्हणाले, "वर्षातून दोनदा गाव आपल्या भट्टीपाशी बसतं. ते कुठून आणणार?"

मग 2020 चा एप्रिल आला. लॉकडाऊन होता. अमुक लोकांच्या बेकरीतून पाव घेऊ नका, असे मेसेज सगळीकडे फिरत होते. आमच्या दुकानाचे नाव कुठेच नव्हते, पण त्याची गरजही नव्हती. पावाचे पाच ट्रे जायचे तिथे दोन जाऊ लागले. रमजान तोंडावर आला होता, कारागीर गावी जायचे राहून इथेच अडकले होते, त्यांचे जेवण आमच्याच घरी. भाचा फोनवर म्हणाला, मामी, एक व्हिडिओ काढून टाका, खुलासा करा. खुलासा कशाचा करायचा, हे मला कळेना. न केलेल्या गोष्टीचा खुलासा केला की ती केल्यासारखी वाटते.

आठवड्याभराने एक फॉरवर्ड माझ्याकडे आला. आमच्या एका गिऱ्हाईकाने, निवृत्त शिक्षिकेने, आपल्या कॉलनीच्या ग्रुपवर लिहिले होते की मी त्या भट्टीपाशी कित्येक दिवाळ्या बसले आहे, तिथे काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, मी पाव तिथूनच घेते. दोनच ओळी. त्याखाली आणखी दोघींनी लिहिले होते. ट्रे हळूहळू वाढले. सगळे परत आले असे नाही, काही घरे आजही येत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी बाकावर बसलेले मला आठवत नाही.

हे ऐकून भाच्याने मला त्याच्या पुस्तकातली गोष्ट सांगितली. अमेरिकेत आयव्ही ली नावाचा गृहस्थ होऊन गेला, जनसंपर्काच्या धंद्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. 1906 साली पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात झाला. तोवरची रीत म्हणजे अपघात झाकायचा, पत्रकारांना जवळ फिरकू द्यायचे नाही. लीने उलट केले. रेल्वेच्याच खर्चाने पत्रकारांना जागेवर नेले आणि काय झाले ते बघा म्हणाला. मला हसू आले. आमच्याकडे हे काम एका बाकाने केले होते.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी बाजारात शिरले. 2005 चा पूर पाहिलेले लोकही म्हणाले, असा पाहिला नव्हता. मैद्याच्या गोण्या गेल्या, मिक्सर गेला, बाक वाहून गेला. चिखल काढायला शेजारपाजारचे आले, आम्ही त्यांच्याकडे गेलो. कोण कुणाचे दुकान साफ करतेय याचा हिशेब कुणी ठेवला नाही. भट्टी मात्र घाईने पेटवता येत नाही. विटांत मुरलेले पाणी बाहेर निघेपर्यंत रोज थोडा थोडा जाळ करावा लागतो, नाहीतर भट्टी तडकते. पहिली लादी निघाली ती आम्ही आजूबाजूच्या गल्ल्यांत वाटली.

भाचा मित्रांबरोबर मदतीचे सामान घेऊन आला होता. त्याने बेकरीच्या नावाचा बॅनर करायचे ठरवले, पाव घेणाऱ्यांचे फोटो काढायचे. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याच्या शिक्षणात हेच शिकवतात. मी नको म्हटले. रांगेत उभ्या असलेल्या बाया आमच्या रोजच्या गिऱ्हाईक होत्या. वर्षानुवर्षे त्यांनी पैसे मोजून पाव नेला. आज हात पुढे करावा लागला त्याचा फोटो उद्या ग्रुपवर फिरला, तर त्या पुन्हा काउंटरवर कोणत्या तोंडाने येतील? तो थोडा नाराज झाला. मग त्याने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले, "भट्टी सुरू झाली. पाव रोज सकाळी 7 पासून." त्या पाटीचा फोटो खूप फिरला, कारण त्या दिवसांत कुठले दुकान उघडे आहे हे लोकांना खरोखर हवे होते.

छोट्या दुकानाचे सोडा, मोठ्या उद्योगाचेही असे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. मोहम्मद हशम प्रेमजींनी 1945 साली जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच आजची विप्रो. 1966 मध्ये वडील गेल्यावर एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजींनी ती हातात घेतली. अमळनेरच्या कितीतरी सामान्य घरांनी तिचे शेअर घेतले आणि जपून ठेवले. कंपनी पुढे संगणकाच्या धंद्यात गेली, तरी त्या घरांना ती आपली वाटते. गावाला आत घेतले की असे होते.

आमच्याकडे शेअर नाहीत. मंडळाची वर्गणी आणि उरुसाची वर्गणी आम्ही सारखी देतो, दोन्हींच्या पावत्या एकाच फाइलला लावतो. मैदा महागला की भाव वाढवण्याआधी पंधरा दिवस पाटी लावतो. बाक नवा केला आहे, आधीपेक्षा लांब.

गेल्या दिवाळीला नव्या इमारतीत राहायला आलेली एक मुलगी सामान घेऊन आली. दारातच थांबून तिने विचारले, "ताई, अंड्याचं आणि आमचं एकाच ट्रेमध्ये भाजता का?" मी तिला आत नेले. अंड्याच्या मालाचे ट्रे वेगळे, त्यांना लाल पट्टा आहे, तो दाखवला. ती बाकावर बसली, थोड्या वेळाने तिने स्वतःच मोबाइल काढून ट्रेचा फोटो घेतला. त्या आठवड्यात तिच्या इमारतीतून आणखी तीन डबे आले.