सही कोणाची?

जुनं विमान उडालंच पाहिजे, ते संग्रहालयात उभं करणं म्हणजे त्यात पेंढा भरणं, असं मी कित्येक वर्षं म्हणत आलो. संध्याकाळी घाटावर आमची निवृत्तांची बैठक बसते, तिथे तर तावातावाने. हल्ली म्हणत नाही. एक चौकशी अहवाल वाचनात आला आणि त्यावर देहूरोडच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेल्या एका मित्राने साधासा प्रश्न विचारला. तिथून माझं गाडं अडलं.

तसा आमच्या देहूत विमानाचा विषय निघतो तो फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकोबांच्या बीजेला. एरवी लोहगावची लढाऊ विमानं कानठळ्या बसवत जातात तेवढाच संबंध. माझं वेड मात्र तिसऱ्याच विमानांचं. नाकावर गोल इंजिन असलेल्या, जंगलात, बर्फात, तळ्यावर उतरणाऱ्या विमानांचं. बीव्हर आणि ऑटर ही त्यातली थोर घराणी, दोन्ही कॅनडाच्या डी हॅविलंडची. बीव्हर पहिल्यांदा उडालं ऑगस्ट १९४७ मध्ये, आपल्या स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी. ऑटर १९५१ मध्ये. ऑटर आपल्या हवाई दलातही होतं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं आणि आसाम-नेफाच्या आखूड धावपट्ट्यांवर माणसं, औषधं, धान्य वाहत राहिलं. त्याचं सहाशे अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प, नऊ सिलिंडरचं.

माझी नोकरी भोसरी-चाकण पट्ट्यात इंजिनाचे भाग तपासण्यात गेली. त्यामुळे मला उडण्यापेक्षा हे इंजिन सुरू कसं होतं यात जास्त रस. सिलिंडर क्रँकशाफ्टभोवती गोलाकार बसवलेले, म्हणजे त्यातले काही उलटे, डोकं खाली. इंजिन बंद करून विमान उभं राहिलं की तेल हळूहळू झिरपून या खालच्या सिलिंडरांत साचतं. दुसऱ्या दिवशी तसंच स्टार्टर दाबलं तर पिस्टन सिलिंडरच्या डोक्याकडे येतो आणि तेलावर आदळतो. तेल दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो त्याच दिवशी तुटत नाही, पुढे काही तासांनी हवेत तुटतो. म्हणून आधी मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी देणारी यंत्रं, बंद आहेत याची खात्री करून प्रॉपेलर हाताने फिरवायचा, पातं मोजत, दोन-तीन फेरे. पातं अडलं तर जोर लावायचा नाही. उलटं फिरवायचं तर अजिबातच नाही, कारण तेल इनटेक पाइपात जातं आणि सुरू करताना परत आत ओढलं जातं. खालचे स्पार्क प्लग काढायचे, तेल गाळून टाकायचं, प्लग परत बसवायचे. तेवढ्यात अर्धी सकाळ जाते.

मग आत बसून हातपंपाने इंधनाचा दाब आणायचा, प्रायमरचे थोडे झटके द्यायचे, स्टार्टर लावून काही पाती जाऊ द्यायची आणि मग मॅग्नेटो चालू. एक सिलिंडर पेटतो, मग दुसरा, मधलाच एखादा रुसतो, निळा-पांढरा धूर निघतो आणि सगळे एका लयीत येतात. नजर मात्र तेलाच्या दाबाच्या काट्यावर. अर्ध्या मिनिटात काटा हलला नाही तर इंजिन बंद. कॅनडाच्या हिवाळ्यात वैमानिक संध्याकाळी तेल डब्यात काढून घरात नेत, सकाळी शेगडीवर तापवून परत ओतत. मला या सगळ्यात भाबडा भूतकाळ कधीच दिसला नाही. प्रत्येक कृतीमागे आधी कुणाचं तरी मोडलेलं इंजिन आहे, हे तपासणीत आयुष्य घालवलेल्या माणसाला लगेच कळतं.

यातून माझा सिद्धान्त तयार झाला: हे ज्ञान हातात असतं, हात चालू राहायचे तर विमान उडालं पाहिजे. २०१८ मध्ये एक जुनं डकोटा विमान इंग्लंडहून उडत भारतात आलं, तेव्हा मी पेढे वाटायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. राजीव चंद्रशेखर यांनी वडिलांच्या, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांच्या स्मरणार्थ ते हवाई दलाला दिलं. नाव परशुराम, अंगावर क्रमांक व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला पहिलं उतरलेल्या डकोटाचा हा क्रमांक. घाटावर मी म्हणालो, “तुकोबांची पालखी आपण काचेच्या कपाटात ठेवतो का? चालते म्हणून ती पालखी.” वाक्य टाळ्याखाऊ होतं. मला ते फार आवडलं होतं.

पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर २०१९ ला, अमेरिकेत कनेटिकटमध्ये एक बी-१७ कोसळलं. दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान, चार गोल इंजिनं, पैसे घेऊन हौशी प्रवाशांना फिरवून आणायचं. तेरा जण होते, सात गेले. त्यातले पाच प्रवासी. माझं तेव्हाचं उत्तर तयारच होतं: अपघात काय, नव्या विमानांनाही होतात.

मग तपासणीत काय सापडलं ते वाचलं. चौथ्या क्रमांकाच्या इंजिनाची ताकद कमी झाल्याने वैमानिक परत फिरला होता. त्या इंजिनाच्या दोन मॅग्नेटोंपैकी एकाची वायर हलून बॉडीला टेकल्याने तो निकामी झालेला. दुसऱ्यातला झिजणारा भाग मर्यादेपलीकडे झिजलेला, आणि पॉइंटमधली फट हवी त्याच्या निम्म्याहून कमी. तपासणी बाकावर फिरवून पाहिला तर नऊपैकी चार सिलिंडरना ठिणगी कमजोर, नाहीतर नाहीच. तिसऱ्या इंजिनाचे स्पार्क प्लग घाण, सगळ्यांच्या फटी मापाबाहेर. म्हणजे ज्या गोष्टी फीलर गेजची पाती घालून मिनिटभरात कळतात, त्या. आमच्याकडे ट्रेनी पोरालाही पहिल्या आठवड्यात फीलर गेज देतात. अंतिम अहवालाने दोष प्रामुख्याने वैमानिकाच्या हाताळणीला दिला, इंजिन बंद केल्यावर वेग आणि विमानाची स्थिती सांभाळली गेली नाही म्हणून. पण अपुरी देखभाल आणि सरकारी देखरेखीतली ढिलाई हीही त्यात आहे.

हे मी बैठकीत वाचून दाखवलं. वैमानिक नवखा नव्हता, या विमानावर त्याचे हजारो तास झाले होते, हेही सांगितलं. डेपोवाले मित्र ऐकत होते. त्यांचा जन्म दारूगोळ्याच्या कागदपत्रांत गेलेला. म्हणाले, “अहो, ते सगळं ठीक. पण त्याच्या देखभालीच्या कागदावर सही कोणाची होती?”

मी पुन्हा कागद चाळले. देखभालीचा प्रमुख आणि वैमानिक एकच होता.

“मग त्याला ‘आज नाही’ म्हणणारा कोण होता?” त्यांनी विचारलं आणि चहा मागवला.

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मला ते चांगलंच लागलं, कारण हा प्रश्न खरं तर माझा होता. कारखान्यात जो जॉब बनवतो तो स्वतःच्या जॉबवर पासचा शिक्का मारत नाही. ऑपरेटर कितीही हुशार असो. हुशार असेल तर जास्तच नाही, कारण त्याच्यावर भरवसा टाकून बाकीचे बघायचं सोडतात. महिनाअखेरीला डिस्पॅचवाले डोक्यावर बसले की माप जरासं बाहेर गेलेला माल ‘डेव्हिएशनवर’ सोडायचा दबाव येतो. मीही सोडलाय. पण तिथे निदान डेव्हिएशन नोट लागते, तिच्यावर दुसऱ्याची सही लागते. प्रेमाच्या कारभारात ही नोटच नसते. जुन्या विमानांभोवती जमलेली माणसं पैशासाठी जमलेली नसतात, रविवार देतात, पदरमोड करतात. अशा माणसाला ‘तुझा मॅग्नेटो रिजेक्ट’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

बी-१७ च्या अपघाताच्या आदल्या वर्षी, ४ ऑगस्ट २०१८ ला, स्वित्झर्लंडमध्ये युंकर्स ५२ डोंगरात पडलं होतं. १९३९ चं विमान, तीन गोल इंजिनं, वीस माणसं, वीसही गेली. ते इंजिनाने पडलं नाही. वैमानिक अरुंद दरीत फार खाली शिरले, फिरायला जागा उरली नाही. दोघेही मुरलेले, हवाई दलातून आलेले. चौकशीत निघालं की असं बेधडक उडणं तिथे आधीही चालत होतं. शिवाय अवशेषांत गंज आणि भेगा सापडल्या; अपघाताचं कारण त्या नव्हत्या, पण त्या आधी कुणाला दिसल्या नव्हत्या. हीही विमानावर जीव लावणारीच मंडळी.

आता माझ्या पालखीच्या वाक्याचं काय? पालखी चालते हे खरंच. पण तिच्या रथाला जुंपायचे बैल दरवर्षी नव्याने निवडले जातात, आणि निवडताना मालकाची भक्ती बघत नाहीत, बैलाचे खूर आणि खांदे बघतात. हा भाग मी सोयीने गाळला होता.

सगळीच जुनी विमानं जमिनीवर बांधा, असं मात्र माझं म्हणणं नाही. मुलगी व्हँकुव्हरला असते. तिथल्या बंदरातून एका कंपनीची पाण्यावर उतरणारी बीव्हर आजही धंद्याची म्हणून उडतात. मी त्यातल्या एकात बसलो, वैमानिकाच्या शेजारी. इंजिनात तेल ओतायचं तोंड बीव्हरमध्ये चक्क केबिनमध्ये असतं, माझ्या पायाशी. उडता उडता तेल घालता यावं म्हणून. निघण्यापूर्वी पोरगेलासा वैमानिक तरंड्यांत झिरपलेलं पाणी हातपंपाने उपसत होता, एकेक कप्पा, कंटाळलेल्या चेहऱ्याने. त्या कंटाळ्याने मला धीर आला. रोजचं काम होतं ते. विमानाचं वय माझ्याच आसपासचं, पण ते रोज उडतं, तासांची नोंद होते, ठरल्या तासांना इंजिन उतरतं, आणि ज्याला ते उडवायचं नाही असा माणूस त्यावर सही करतो. आपल्याकडे १९४९ पासून नागपूरला मध्यरात्री चार दिशांची डकोटा विमानं टपालाच्या थैल्या बदलायला उतरत, तीही अशीच रोजच्या रगाड्यातली. कुणी त्यांच्याकडे डोळे भरून बघत नसावं.

म्हणून आता माझं मागणं बदललंय. हवाई दलासारखी शिस्त पाठीशी असेल तर डकोटा उडू दे, पण चालक दलाशिवाय आत कुणी नको. हौशी मंडळांनी इंजिन जमिनीवरच चालवावं. पिंपरीपासून चाकणपर्यंत किती तरी इंजिनं रोज टेस्ट बेडवर बांधून फिरवली जातात. पातं मोजणं, प्लग काढणं, प्रायमरचा अंदाज, तेलाच्या काट्याकडे बघणं, हे सगळं तिथेही शिकता येतं.

बैठकीतले एक जण म्हणतात, जमिनीवर घरघरणारं इंजिन बघायला तिकीट कोण काढणार? आणि पैसे आले नाहीत तर तेही बंद पडेल. डेपोवाल्यांचं म्हणणं, पडू दे. मी तिथवर आलेलो नाही. तिकिटाचा हिशेब मला सुटत नाही, आणि व्हँकुव्हरच्या त्याच कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये एका बीव्हरचं गोल इंजिन काढून विजेची मोटर बसवून ते उडवलं, हे वाचल्यावर मला आनंद झाला की वाईट वाटलं, तेही अजून ठरवता आलेलं नाही.