झालं तर काहीच नव्हतं

प्रिय बंडू,


परवा फोनवर म्हणालास, ''समुपदेशक बाईंनी विचारलं, लहानपणी काय झालं? तर सांगण्यासारखं काही सापडेना. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. उगाच आई-अण्णांची बदनामी करतोय असं वाटलं.'' आजूबाजूला माणसं होती, त्यामुळे मला धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

अरे, काही झालं नाही हेच तर दुखणं आहे. माराचा वळ दाखवता येतो. कुणी जवळ घेतलं नाही, ते काय दाखवणार?

मे महिन्यात मी तुमच्या धरणाच्या कॉलनीत राहायला यायचे, तेव्हाचं सांगते. तू दुसरीत होतास. अंगात ताप. फडताळातली गोळी काढलीस, अर्धी मोडलीस, पाण्याबरोबर गिळलीस आणि चादरीची घडी घालून कोपऱ्यात बसलास. हाक कुणालाच नाही. काकू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळ गेल्यापासून ती तशीच होती. तेव्हा नैराश्य वगैरे कुणी म्हणत नसे. 'तिचं मन लागत नाही' म्हटलं की विषय संपला. अण्णा साइटवर. आणि आल्यागेल्याच्या तोंडी तुझं कौतुक, 'पोरगा किती शहाणा, कसला म्हणून त्रास नाही!' ते कौतुक मला आजही खुपतं.

रोमानियातल्या अनाथालयांबद्दल मी वाचलंय. तिथल्या हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६मध्ये गर्भपातावर जवळजवळ बंदीच घातली. आईबापांना पोसवेनात ती हजारो मुलं सरकारी संस्थांत गेली. १९८९मध्ये त्याची राजवट कोसळल्यावर बाहेरची माणसं आत गेली, तर काही ठिकाणी पाळण्यांच्या रांगाच्या रांगा, आणि रडण्याचा आवाज नाही. रडून कुणी येत नाही हे कळलं की मूल रडणं सोडतं. पुढे बुखारेस्टमध्ये २०००पासून अमेरिकी संशोधकांनी अशा संस्थांतल्या १३६ मुलांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं निवडून पालक-कुटुंबांत दिली. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं माणसांचा लळा लागण्यात आणि बोलण्यात जास्त सावरली. तुझं बालपण तसं होतं असं मी म्हणत नाही. पण गप्प बसणं हा शहाणपणा नसतो, हे मला त्यातून पटलं.

दोन वर्षं म्हटल्यावर तू लगेच हिशेब मांडशील की आपली गाडी केव्हाच चुकली. थांब जरा. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी त्यांच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांची आजारपणं असं बरंच वाट्याला आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट निघाली. त्यांच्यापाशी भरवशाचं एखादं माणूस असायचं: आजी, शेजारीण, मास्तर. एवढं सगळे सांगतात. मला मोलाचं वाटतं ते पुढचं. विशीच्या आत भरकटलेल्यांतलेही बरेच जण तिशी-चाळिशीत मार्गी लागले. कुणाला जोडीदार चांगला मिळाला, कुणी पुन्हा शिकलं, कुणाला नोकरीने शिस्त लावली.

लेक रडायला लागली की तू गच्चीत निघून जातोस, असं तुझी बायको सांगत होती. तिला तो कोरडेपणा वाटतो, मला वाटत नाही. ज्याच्या रडण्याला कधी ओ मिळाली नाही, त्याला रडणंच भिववतं. गेलास तर गेलास, पण परत ये आणि लेकीला उचलून घे. चांगल्या चांगल्या आयांचंही पुष्कळदा चुकतं. मूल सावरतं ते मागाहून जवळ घेण्यामुळे, असं मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या अभ्यासातून दिसतं.

राहिला माफीचा प्रश्न. आत्याचा तगादा चालू आहे, तिला चालू दे. काकूची मलाही कीव येते, पण म्हणून तू रागवायचंच नाही असं कुठे लिहिलंय? अण्णांना दिवाळीत भेटायचं की नाही, ते तुझं तू ठरव. त्या समुपदेशक बाईंकडे जाणं मात्र सोडू नकोस. सांगायला काही नसेल तर ती अर्धी गोळी सांग.

आणखी एक. हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख मला तुझ्या बायकोकडून कळली आहे. तू स्कूटरवरून एकटाच ॲडमिट व्हायला निघणार, हेही कळलंय. मी यायला तयार आहे, रजा टाकली आहे. पण न बोलावता येणार नाही. फोन कर आणि 'ताई, ये' म्हण.

तुझी,
ताई